पडद्यावरचं कमळ आणि माझं बी.पी.

६ जाने., मंगळ
मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्यांदा रद्द. घरी बी.पी. ठीक, दवाखान्यात पट्टा बांधला की चढतं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा आजी, पण मनालाही वळण लावा." आता सत्त्याहत्तराव्या वर्षी वळण! नात ऋचाची मुलगी अडीच महिन्यांची झाली. सगळे म्हणतात, नाक पणजीचं. मला नाक कुठंय तेच दिसत नाही, तोंडाच्या जागी नुसतं धुकं.

९ जाने., शुक्र
मनाला वळण लावायला ऋचानं एका सेंटरवर नेलं. डोक्यातल्या लहरी मोजतात. डोकं दाखवायचं म्हणून सकाळी खोबरेल चोपडून घट्ट अंबाडा घातला. चारचौघांत कोरडे केस घेऊन कशी जाऊ? तिथली गुजराती हेतलबेन वायर चिकटवते, ती घसरते. पुन्हा तेच. शेवटी हसत म्हणाली, "बा, आटलुं बधुं तेल!" एवढं सगळं तेल म्हणे, आजी. ऋचा तोंडाला ओढणी लावून खिदळत होती. दोनदा डोकं धुऊन सोमवारी या म्हणे. मुलगी गोड आहे. लग्न झालंय का विचारायचं राहिलं.

१२ जाने., सोम
आज चिकटल्या. वायरी डोक्याला नि कानाला, बोटाला चिमटा. पडद्यावर मोठं कमळ, मलासुद्धा दिसेल एवढं. मन निवलं की उमलतं, घाबरलं की मिटतं. काय डोकं चालवलंय लोकांनी! म्हटलं, हात्तिच्या, रोज एकशे आठचा जप करते मी. केला सुरू. कमळ पार मिटलं. हेतलबेन म्हणे, "बा, एवढी उतावळ? गाडी पकडायची आहे का?" खरंच की. चाळीस वर्षं कुकरच्या शिट्ट्या मोजत जप उरकला. देव बिचारा काही बोलला नाही, मशीन पहिल्याच दिवशी बोललं.

१४ जाने., उत्तरायण (आपली संक्रांत)
सगळे गच्चीवर पतंग उडवतायत, भोंगे, आरडाओरडा. मी खाली खुर्चीत. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पोटभर उंधियुची भाजी खाल्ल्यावर श्वास लांब जात नाही. हेतलबेनला सांगायला हवं.

२२ जाने., गुरु
उमललं! पुरतं! जपच केला, पण एका श्वासाला एकच नाव, सावकाश सोडत. बोटंसुद्धा ऊबदार झाली, तेही मशीन दाखवतं. सून म्हणते, "आई, तुम्ही हल्ली ओरडत नाही, करमत नाही हो मला." आगाऊ! पण सेंटरवर उमलतं, दवाखान्यात कमळ कोण दाखवणार? परत पाठवलं तर...

२८ जाने., बुध
दवाखान्यात बसून लिहितेय. ऋचा कागद भरायला गेलीय. नर्सच्या हातात तो पट्टा. बघून धडधडायला लागलं. शेजारी करजण गावच्या एक बेन, माझ्याच वयाच्या, हात बर्फासारखे. त्यांनाही मागच्या खेपेला बी.पी.पायीच परत पाठवलेलं. म्हटलं, "चला, माझ्याबरोबर श्वास सोडा. धीमे धीमे." आधी त्या रडायलाच लागल्या. मग जमलं. हात धरून किती वेळ बसलो कोण जाणे, धडधडीचं मी विसरूनच गेले.
नर्स आली. "पहिलं कोण?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डावी बाही वर सरकवली. पट्टा आवळतोय. नर्स म्हणते, बा, लिहिणं बंद करा.
करते.