आईबरोबर गेलेली आदोळी

॥ श्री ॥
कोरगाव, पेडणे
२ जुलै २०२५

चि. श्रीनाथ यास, ताईचे अ. उ. आ.

आम्ही सगळी खुशाल. फोन सोडून पत्र कसं, असं म्हणशील. फोनवर मी कामाचं बोलायला लागले की तुला हटकून ऐकू येईनासं होतं आणि तू बायकोला पुढे करतोस, फोन गौरवीच्या हातात देऊन पळतोस. आता पळून दाखव.

ऑगस्टमध्ये आईला जाऊन वर्ष होईल. तिच्या दागिन्यांवर, लुगड्यांवर मी हक्क सांगितला नाही. मला फक्त आई जिच्या पाटावर बसून नारळ खोवायची ती विळी, ती आदोळी हवी आहे. तुमच्याकडे खोबरं मिक्सरमध्ये फिरतं, बिचारी कोपऱ्यात पडून असेल.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. खालच्या वाड्यातल्या वस्तीत पुराचं पाणी शिरलं आणि माणसं गावच्या शाळेत आणून ठेवली. तिथे टोप होते, उकडे तांदूळ होते, नारळही होते. खोवायला काही नव्हतं. घर पाण्यात गेलं म्हणून माणसांनी फिकं का जेवावं, असं म्हणत आईने आदोळी गोणपाटात गुंडाळली. मीही येते म्हणून मी तिचा पदर धरला. तू लहान आहेस, तिथे तुझं काय काम, असं सांगून ती गेली. दुसऱ्या दिवशी ओल्या लुगड्यानेच परतली आणि पाठ टेकण्याआधी आपल्यासाठी पेज ठेवली, माझी वेणी घातली. तरी मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पुढे दर पुराला ती जातच राहिली. मला नेलं नाही, आदोळीला नेलं, हे मी आजवर कुणालाच बोललेली नाही.

तर ती पाठवून दे. लोभ आहेच, आदोळी आल्यावर वाढेल.

तुझी ताई,
संजना

॥ श्री ॥
सर्वण, डिचोली
९ जुलै २०२५

ती. स्व. सौ. ताईस, श्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोस्टमनने नेमकं गौरवीच्या हातात दिलं. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं, फोनचा भाग दोनदा. परसात काकडीच्या वेलाला तवशी लागली आहेत, भावोजींसाठी दोन राखून ठेवतो.

आदोळी सुखरूप आहे. फक्त पातं बोथट झालं आहे आणि या पावसात धार लावणारा कुठे मिळणार? वर्षश्राद्धाला याल तेव्हा बघू.

वेणीचं मला ठाऊक नव्हतं.

राग नसावा, असला तर भावोजींवर काढावा.

तुझा,
श्रीनाथ

कोरगाव
१५ जुलै २०२५

चि. श्रीनाथ यास,

एवढ्यासाठी कार्डच पुरे. पेडण्याच्या बाजारात तुमची शेजारीण आनंदी भेटली. आदोळीचं विचारताच ती आधी हसली आणि मग बस चुकेल म्हणत सटकली. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना हल्ली भिंतीवर टांगायला जुन्या आदोळ्या लागतात, हे मलाही माहीत आहे. विकली असशील तर सरळ सांग. एकदा रडून मोकळी होईन.

आशीर्वाद आहेत, पण तूर्त राखून ठेवले आहेत.

ताई

॥ श्री ॥
सर्वण
१९ जुलै २०२५

ती. स्व. सौ. ताईस, शि. सा. न.

विकली नाही, देवाशपथ. पण घरातही नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच नव्हती.

जूनमध्ये खालच्या वाड्यात पुन्हा पाणी आलं. वाड्यातला बाबली दारात आला. मी छत्री घेऊन निघालोच होतो. तो अगदी मऊपणे म्हणाला की तुम्ही नाही आलात तरी चालेल, तुमच्या आईची, शेवंतीबायची आदोळी तेवढी द्या. मला नारळ सोलतासुद्धा येत नाही हे साऱ्या गावाला माहीत आहे! मी दिली.

पाणी ओसरलं, माणसं घरी गेली, आदोळी आली नाही. आणायला गेलो तर बायकांनी ती धुऊनपुसून शाळेच्या कपाटात ठेवलेली. शेवंतीबाय इथेच बसायची, तेव्हा आदोळी इथेच बरी, असं आनंदीने सांगितलं. माझं तोंड उघडेना. मग तुझ्यापुढेही उघडेना. तू येऊन माग, तुला त्या नाही म्हणायच्या नाहीत.

मोठ्या मनाने माफ कर. राखून ठेवलेले आशीर्वाद जमेल तेव्हा सोड.

श्रीनाथ

॥ श्री ॥
कोरगाव
२९ जुलै २०२५

चि. श्रीनाथ यास अ. उ. आ., मागचे धरून.

परवा तुझ्याकडे मुक्काम केला तेव्हा तू विचारलंस, पिशवी रिकामी कशी, आणि मी चहाचं निमित्त करून उठले. तोंडावर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

तू ऑफिसात होतास. मी बसमधून उतरून थेट शाळेत गेले, आदोळी पिशवीत घालून न्यायची या तयारीने. चार शब्द कडक बोलायचेही ठरवले होते. पण वाड्यात आदल्या दिवशीच पाणी शिरलेलं, वर्गात माणसं, ओले कपडे, मुलांची रडारड. मी काही बोलायच्या आत आनंदीने माझ्या हातात फोडलेल्या नारळाची कवड दिली आणि आदोळी पुढे सरकवली. कशाला आलीस, काहीच विचारलं नाही.

बसले. श्रीनाथ, त्या पाटाची डावी कड झिजली आहे, कारण आई डावा पाय दुमडून बसायची. मीही तशीच बसते, हे मला त्या दिवशी कळलं. माझा पाय त्या खळगीत नेमका बसला. बोटं सोलवटली, पण टोपातली चवळीची आमटी, ते अळसांद्यांचं तोणाक, चांगली घट्ट झाली. एका म्हातारीने चाखून विचारलं की शेवंतीबाय आली की काय. मी खाली मान घालून खोवत राहिले. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. चव्वेचाळीस वर्षांचा राग होता. शोधला, पण सापडला नाही.

आदोळी शाळेतच राहू दे. मात्र पुढच्या वेळी पाणी आलं की मला कळवायचं. आता मी त्रेपन्न वर्षांची आहे, लहान म्हणून मागे ठेवू नका.

आणि तेव्हा पत्र लिहीत बसू नकोस, फोन कर. मला ऐकू येईल.

तुझीच,
ताई