निळ्या वहीची फेरतपासणी

प्रिय ठमाबाई,

सोबत ती निळी वही पाठवतोय. दोन वर्षांपूर्वी सहा महिने तुझ्याकडे राहिलो तेव्हा मी दोन्ही देशांना विषयवार मार्क देत होतो आणि तू आणि जावईबापू मला हसत होतात, तीच. पस्तीस वर्षं पेपर तपासले, हातातलं लाल पेन सुटता सुटत नाही. निकाल तुला पाठ आहे. तुमचा देश शंभरात एक्क्याऐंशी, आपला चौतीस, म्हणजे एका मार्काने नापास. तो निकाल खोटा होता गं. तू तिथे निश्चिंत राहावंस म्हणून मी आपल्या देशाचे मार्क कापले. अशी लबाडी करणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायचो, आता मलाच कर.

पाण्याचे मार्क खरे आहेत. नळाखाली पेला धरून तसंच पिण्याचं सुख मी विसरलेलो नाही. बसचेही खरे. मी नीट बसेपर्यंत तो ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही आणि मला उगीच राजा झाल्यासारखं वाटायचं. इथे काल एका दाखल्यासाठी कचेरीत चौथी खेप झाली. साहेब जेवायला गेलेत म्हणे, सकाळी साडेदहाला! त्या विषयात आपल्याला भोपळा दिला होता, तो तसाच ठेवलाय.

लबाडी केली ती शेजाराच्या विषयात. तिथल्याला आठ दिले, इथल्याला दोन. अगं, समोरच्या नर्सबाई रोज आठ वाजता माझं वर्तमानपत्र दाराबाहेर पडलेलं नाही ना ते बघतात, आणि असलं तर बेल दाबून मला झापतात. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरलो तेव्हा त्यांनीच त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून मला दवाखान्यात नेलं. घाबरू नकोस, मनगटाचं प्लॅस्टर केव्हाच निघालं. व्हिडिओ कॉलवर मी डावा हात टेबलाखाली ठेवायचो. कळवलं असतं तर धावत आली असतीस, आणि मग तुझा पाय निघाला नसता.

दुसरी लबाडी मोठी. तुझ्या स्वयंपाकघरात मी एकदा आमच्या शाळेतल्या शिपायाची नक्कल केली, तेव्हा तू तोंडावर हात दाबून हसलीस. त्याआधी खालच्या बाईंनी आवाजाबद्दल एक नम्र चिठ्ठी टाकली होती ना. लहानपणी तुझं हसू मैदानापलीकडे शिक्षकांच्या खोलीत ऐकू यायचं आणि मुख्याध्यापक माझ्याकडे बघायचे. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, ठमी इथे हळू हसते, आणि लगेच खोडलं. उजेडात धरलंस तर अजून वाचता येईल.

काल जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, गेलं वर्षभर तुझ्या मनात कायमचं परत यायचंय. इथल्या नोकरीचं पत्रही आलंय, महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. पण ज्या देशाला बाबांनीच नापास केलं तिथे परतून त्यांना तोंड कसं दाखवू, म्हणून तू गप्प आहेस. वेडे, फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो. मग लाल पेन घेऊन वही पुन्हा तपासली. अगदी प्रामाणिकपणे तपासूनही तुमचा देश अकरा मार्कांनी पुढेच आहे, ते काही लपवत नाही. यायचं की राहायचं ते तूच ठरव, माझ्या मार्कांकडे बघू नकोस. फक्त एक, समोरच्या नर्सबाईंना मी आजच विचारून ठेवलंय. कोणी मोठ्याने हसलं तर त्यांना चालतं.

तुझाच,
वर्गाबाहेर उभा असलेला बाबा