धुऱ्यानं गेलेला घोडा

मंगळवार, राजापेठ. रात्र.

थकले आज. जपानी सामुराईच्या त्या गेमचं माझं परीक्षण काल वेबसाइटवर लागलं आणि आज दिवसभर शिव्या खाल्ल्या. बाकी सगळे समीक्षक त्यातल्या घोडदौडीवर फिदा. मी मात्र लिहिलं, नकाशा उगाच मोठा केलाय, एका गावाहून दुसऱ्या गावी पोचेस्तोवर जीव जातो. दहापैकी सहा.

दुपारी एका वाचकानं परीक्षणासोबतचा माझाच खेळतानाचा व्हिडिओ पाहून लिहिलं, "ताई, तुमी घोडा धुऱ्यानं कावून नेऊन राहिल्या? वावरातून घाला ना सरळ!"

पाहिलं, तर खरंच. चाळीस तास मी भाताच्या प्रत्येक वावराला वळसा घातला, बांधाबांधानं. कोणी सांगितलं होतं? उभ्या पिकात पाय घालायचा नाही, हे लहानपणापासून अंगातच बसलेलं. आता हे परीक्षणात कसं लिहू? चूक माझी आणि गुण कापले गेमचे.

संध्याकाळी पुन्हा बसले. अकोल्याहून बाबा आलेत, तेही शेजारी बसून पाहत होते. घोडा सरळ पिकात घातला. भात आडवा झाला आणि मागे आपोआप उभा राहिला. नुकसान काहीच नाही. वेगही मस्त.

"कोनाचं वावर हाय ते?" बाबांनी विचारलं.

"कोनाचंच नाई बाबा. गेम हाय हा."

"कोनं तरी पेरलं असंन ना."

संपादकांना कळवलं, माझी चूक झाली, सहाचे आठ करा.

मग घोडा धुऱ्यावर घेतला.