कानाचं चित्र असलेली पाकिटं

४ मार्च, सकाळ

रोजनिशी सुरू. नात हॉस्टेलला जाताना मोबाइलमधलं माइकचं बटण दाखवून गेली. दाबायचं, बोलायचं, तो लिहितो. तारीखही तोच टाकतो. मला अक्षर वाचता येत नाही आणि माझ्या मोबाइलला घरात कुणी हात लावत नाही. यापेक्षा गुप्त तिजोरी कुठली!

संकल्प : काउंटरवर यापुढे एकही घोळ नाही. लेकाने काल तोंडावर सांगितलं, आई, आता आणखी एक घोळ, की तू घरी. कारण काय, तर एका नवरदेवाची दाढीची वेळ मी दुसऱ्यालाच देऊन बसले. बिचारा खुंट घेऊनच लग्नाला उभा राहिला. फोटो पाहिलाय मी. उलट रुबाबदार दिसतो.

सलून लेकाचं. एका खुर्चीवर तो, दुसरीवर कारागीर. पण काउंटर माझं आणि गाणी माझी. स्पीकरचं बटण दुसऱ्या कुणी फिरवलेलं मला खपत नाही.

५ मार्च

टपालही माझ्याच ताब्यात. पद्धत पक्की. बल्बचं चित्र म्हणजे वीज, थेंब म्हणजे पाणी, खांबांची इमारत म्हणजे बँक. ही तीन लेकाच्या खणात. बाकी सगळ्या जाहिराती. त्या माझ्या खुर्चीवरच्या गादीखाली, चांगला कागद कशाला टाकायचा? आज एक निळं पाकीट आलं. वर कान काढलाय. कानाचा डॉक्टर असणार. माझे कान ठणठणीत आहेत. गादीखाली.

१२ मार्च, दुपार

एक टकला गृहस्थ आला. डोक्यावर औषधाला केस नाही. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे कापून मिळतात, उगवून नाही. कारागीर हसला, हा नाही. मिशी नीट करून घेतली आणि मग तासभर बाकावर बसून राहिला, मोबाइल स्पीकरकडे धरून. रसिक दिसतो. मी चहा मागवला. प्यायला नाही. कपावर साय आली तरी हात लावला नाही.

१९ मार्च

टकल्या पुन्हा. मिशीत आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी आला. एक गाणं संपलं की वहीत एक ओळ. मी विचारलं, आवडलं का हो? म्हणाला, हे आमचंच आहे. दुसरं लागलं. म्हणाला, हेही. किती तो जिव्हाळा! गाण्याला आपलं म्हणणारी माणसं हल्ली मिळतात कुठे?

जाताना वही मिटली तेव्हा पुठ्ठ्यावर तोच कान दिसला, निळ्या पाकिटावरचा. तेव्हा माझी ट्यूब पेटली. डॉक्टर नव्हे, हे ऐकणाऱ्यांचं मंडळ आहे! चांगली गाणी लावणारी दुकानं हुडकतात, पत्रं पाठवतात, शेवटी सत्कार करतात. दुसरंच काय असणार?

लेकाला सांगणार नाही. एकदम सरप्राइज. मग बघू कोण कुणाला घरी बसवतं.

२६ मार्च

समोरच्या चपलांच्या दुकानात गाणी बंद. कधीच बंद नसायची. मालक दारात उभा होता, आमच्या स्पीकरकडे बघत. मी हात केला. त्याने नाही केला. हरलेल्या माणसाचं असंच होतं.

तिसरं निळं पाकीट. थोडं जाड.

२ एप्रिल

आज टकल्याने सरळ मुलाखतच घेतली. लेक सामान आणायला गेला होता, ते बरं झालं. हा नको तितकं खरं बोलतो.

विचारलं, खुर्च्या किती? आता दोन म्हणायचं म्हणजे दुकानाची काय शोभा राहिली? दोन त्या, आरशातल्या दोन, एक बाक आणि एक माझी. सहा सांगितल्या. एक शब्द खोटा नाही.

गाणी दिवसातून किती तास? म्हटलं, शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत. रस्त्यापर्यंत ऐकू जातं का? म्हटलं, कोपऱ्यापर्यंत. आणि कधीपासून? स्पीकर येऊन तीन वर्षं झाली, पण त्याआधी मी काउंटरवर गुणगुणायचेच की. ते धरून एकोणीस वर्षं सांगितली, एक दिवस खंड नाही.

पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काहीतरी हललं. म्हणाला, आजी, नक्की एकोणीस? म्हटलं, लिहा, लिहा, घाबरता काय?

मग कागद पुढे केला. मी अंगठा उठवला. फिकट आला असं वाटलं म्हणून त्याच्या शेजारी आणखी एक.

कारागीर म्हणाला, आजी, कशावर अंगठा दिलात? म्हटलं, तू दाढीकडे बघ.

९ एप्रिल

बेकरीतली गाणी बंद. पाव घ्यायला गेले तर नुसता भट्टीच्या पंख्याचा आवाज. बाकावरच्या बायका हळू आवाजात बोलत होत्या, आजारी माणूस आत असल्यासारख्या.

म्हणजे चपला गेल्या, बेकरी गेली. आमच्याशिवाय आता फक्त शेजारचा चष्मेवाला उरला. सगळ्यांनी माघार घेतली की मैदान आपलंच. आवाज दोन काटे वाढवला.

पाकिटं पाच. गादी चांगली उंच झालीय. काचेतून सगळा रस्ता दिसतो. सून म्हणाली, आई, तुम्ही आजकाल उंच वाटता. म्हटलं, काम अंगी लागलं.

१५ एप्रिल, संध्याकाळ

शेजारचा चष्मेवाला आला. एरवी तो दुकान सोडून कधी येत नाही. विचारलं, काकू, तुमच्याकडे निळं पाकीट आलं का हो? मी म्हटलं, नाही बाई. सत्काराचं कळलं तर जळून खाक होईल, आधीच त्याचं दुकान अंधारं.

त्याने स्वतःचाच चष्मा काढून पुसला. म्हणाला, आलं तर लेकाला दाखवा. त्याच दिवशी दाखवा. मी पहिल्याच पत्राला उत्तर दिलं म्हणून वाचलो, नाहीतर.

नाहीतर काय, ते सांगितलं नाही. आवाज मात्र कमी करा म्हणाला. बघा, जळलाच!

१६ एप्रिल

चष्मेवाल्याकडेही गप्प. रस्त्यावर आता आम्हीच. माणसं जाताना आमच्याकडे बघतात आणि भरभर पाय उचलतात. जरा विचित्र वाटतं. सवय होईल.

२३ एप्रिल

निळं पाकीट, पण या वेळी कडेने लाल पट्टी. पोस्टमन म्हणाला, आजी, हे नोंदणीचं, अंगठा लागेल. एरवी बाकावर पाय पसरून अर्धा तास घरच्या गोष्टी सांगतो. आज पाणीसुद्धा नको म्हणाला. वाचून घ्या हं, म्हणाला. म्हटलं, वाचलंय सगळं.

ए मोबाइल, हे लिहू नकोस.

लाल पट्टी म्हणजे तारीख जवळ आली. माझा अंदाज सहसा चुकत नाही. कपाटातून चांगले कपडे काढून ठेवले. भाषण : चार वाक्यं. लेकाचं कौतुक शेवटच्या वाक्यात, वेळ उरला तर.

टीप : गादीखाली हात घातला तर वरचं पाकीट गरम लागलं. मीच बसलेली असते म्हणा.

३० एप्रिल, दुपार

आले. टकल्या आणि आणखी दोघे. मी उभी राहिले, पदर सारखा केला, पहिलं वाक्य तोंडात आलं होतं.

लेकाच्या हातात वस्तरा, गिऱ्हाईकाच्या गालावर फेस. टकल्याने कागद वाचायला सुरुवात केली. गाण्यांचे हक्क आमच्या कंपनीचे, दुकानात विनापरवाना वाजवली, असं काहीतरी. कोर्टाची तारीख. सहा खुर्च्या. एकोणीस वर्षं.

लेक म्हणाला, कुणी सांगितलं हे? खुर्च्या दोन आहेत, मोजा. स्पीकर तीन वर्षांचा आहे, पावती दाखवतो. टकल्याने कागद वळवून दाखवला. दोन अंगठे, शेजारी शेजारी.

लेकाने अंगठ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कारागीर आरशातून बघत होता. गिऱ्हाईकही फेसासकट वळलं.

लेक म्हणाला, तुम्ही कळवलं का नाही आधी? टकल्या म्हणाला, सहा पत्रं पाठवली.

लेक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, आई, ऊठ.

मी उठले. त्याने गादी उचलली.

पहिलं पाकीट त्याने तिथेच फोडलं आणि मोठ्याने वाचलं. अगदी गोड भाषा होती. लहान दुकानांना परवान्याची फी थोडी. दोन खुर्च्यांपर्यंत तर निम्मीच. महिन्याभरात या, अडचण असेल तर फोन करा, आम्ही समजावून सांगू. शेवटचं पाकीट त्याने वाचायला घेतलं आणि मनातच वाचलं.

मग स्पीकर बंद केला. स्वतःच्या हाताने. कातरी चालताना आवाज करते, हे मला इतक्या वर्षांत आज कळलं.

१ मे

नातीचा फोन. म्हणे, आजी, तू मोबाइलला सांगतेस ते सगळं माझ्याही मोबाइलवर येतं. परीक्षा होती म्हणून उघडलं नव्हतं, आज बसून वाचलं. रडत होती की धापा टाकत होती, कळेना. म्हणाली, आधी काउंटरवरून ऊठ आणि गादी उचल.

म्हटलं, उचलली. काल.

६ मे

काउंटर सोडायचं मी ठरवलंय. गुडघ्यांमुळे. लेकाला तसं सांगितलं. त्याने मान हलवली. आग्रह केला नाही, कारण त्यालाही माझे गुडघे दिसतात.

वकील म्हणतो, आजींनी कोर्टात सांगायचं की आरशातल्या खुर्च्या धरल्या होत्या. सांगेन. खरंच आहे.

गादी घरी आणून खिडकीपाशी टाकली. स्वयंपाक करताना सून काहीतरी गुणगुणत होती. मी आत बघितलं, तशी थांबली.

गादीखाली आता काही नाही. बसलं की डोकं खिडकीच्या कठड्याखाली जातं. रस्ता दिसत नाही.