सांत जेनीसच्या खिडकीत इसिद्रे

मोंतेलार, सप्टेंबर १९६४

तीर्थरूप रेमेईताईस,

धाकट्या इसिद्रेचा समुद्रापलीकडून साष्टांग नमस्कार. (साष्टांगच, कारण अजून नीट उभं राहवत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? ब्युनोस आयर्समध्ये चढ नाहीत म्हणतात, तेव्हा बरे असावेत.

तर जत्रेच्या सकाळी क्लिमेंत पाद्रीबाबांनी आपल्या सांत जेनीस चर्चच्या कुलपात चावी मोडली. बिशपसाहेब घाट चढत होते. दार फोडायला कुणी धजेना, कारण (तू गेल्यावर शहरातल्या विद्वानांनी ठरवलंय) आपलं चर्च नऊशे वर्षांचं आहे आणि त्याच्या खिळ्यालाही हात लावायचा नाही. मी छाती फुगवून म्हणालो, "आम्ही भावंडं दक्षिणेच्या खिडकीतून शिरायचो. आत उतरून बाजूच्या दाराचा अडसर काढतो."

ताई, इटलीतून आलेल्या त्या जुन्या गवंड्यांनी खिडकी दोन्हीकडून ऐसपैस आणि भिंतीच्या मधोमध चिंचोळी ठेवलीय, हे मी विसरलो होतो. डोकं गेलं, खांदे गेले, पोट राहिलं. बाहेर पाद्रीबाबा म्हणाले, "एखादा दगड काढू या का?" सरपंच ओरडले, "दगडाला परवानगी लागते, इसिद्रेला लागत नाही. ओढा!"

आत मात्र शांत होतं. मेणाचा आणि ओल्या दगडाचा तोच वास. वर पिंपासारखं गोल छत, खाली आईचा खांब, ज्याच्या कोरीव सिंहाच्या नाकावर ती जाता-येता हात ठेवायची. नाक पार गुळगुळीत झालंय. इतक्या उंचावरून लहानपणानंतर मी ते पाहिलंच नव्हतं. वाटलं, आता ती वर बघेल आणि म्हणेल, "इसिद्रे, उतर आधी! आणि रेमेईलाही उतरव!" मला रडूच फुटलं. बाहेर सगळ्यांना वाटलं, कळ आली. बेकरीवाल्याची विधवा एल्विरा तेलाचा बुधला घेऊन धावली. "रडतोस काय रे घोड्या? श्वास सोड!" म्हणत तिने पाय धरले. आधी विजार निघाली, मग मी. नेमके बिशपसाहेब तेव्हाच पोचले. "हे काय?" त्यांनी विचारलं. सरपंच म्हणाले, "आमचं जुनं बांधकाम."

प्रार्थना मग खळ्यावर, उघड्या आभाळाखाली झाली. छान झाली. पण तू हवी होतीस.

तुझा धाकटा,
इसिद्रे

ता. क. मी एल्विराला लग्नाचं विचारलंय. ती म्हणते, "आधी रेमेईचा होकार आण. शाळेत तिने माझ्या वेण्या बाकाला बांधल्या होत्या." तेवढ्या दोन गोड ओळी लिही.

आणखी एक ता. क. खरं तर विचारलं तिनेच. मी तेव्हा खिडकीत होतो, आणि मी हो म्हणेपर्यंत ती ओढायला तयार नव्हती.