गावाच्या इतिहासातलं एक वाक्य

प्रिय आर्नो,

नगरपालिकेनं गावाचा इतिहास छापलाय. आजोबा जर्मनीहून ब्राझीलला आले, जंगल तोडलं, चर्च बांधलं, सगळं आहे. पुढे लिहिलंय, ‘युद्धकाळात गावकऱ्यांनी आनंदानं पोर्तुगीज भाषा स्वीकारली.’

आनंदानं! आईच्या दफनाच्या वेळी बाबांनी जर्मनमध्ये प्रार्थना म्हटली, कारण त्यांना दुसरी भाषा येतच नव्हती. युद्धामुळे जर्मन बोलण्यावर बंदी होती म्हणून पोलिसांनी त्यांना कबरीपासूनच उचललं. तीन महिन्यांनी सुटून आले, ते बोलणंच विसरून.

मी तणतणत नगराध्यक्ष वाल्दिरकडे गेले. “हे खोटं कुणी लिहिलं?”

“माझ्यावर कशाला चिडता, हेडविगआत्या? तुमच्या भावानंच कळवलंय. खाली नाव छापलंय, बघा की!”

तुझंच नाव होतं. मी पुस्तक मिटलं नि घरी आले.

बाबांना नेल्यावर प्रार्थना अर्धीच राहिली होती. मी आठ वर्षांची. “पुढचं आपण म्हणू,” मी म्हणाले, तर तू कबरीची माती लागलेल्या हातानं माझं तोंड दाबलंस. तेव्हा पोलीस समोर उभे होते, आर्नो. आता कोण उभं आहे?

आधीच्या दोन पत्रांसारखं हेही टपालात टाकायचा धीर मला होणार नाही.

तुझी बहीण,
हेडविग