वरचे झरे, खालचे झरे

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाळकसाहेब आज दुकानात आले. मला वाटलं पंप हवाय. पंप नाही, मीच हवा होतो! बावीस तारखेच्या उपासनेत मंडळीतल्या चौघांनी जुन्या करारातल्या एकेका बाईवर बोलायचं, फारशी कुणाला माहीत नसलेल्या. "तुमच्याकडे अखसा." म्हटलं, साहेब, मी विहिरीत उतरून मोटारी दुरुस्त करत वर आलेला माणूस, ही बाई कुणाची कोण तेवढं तरी सांगा. "कालेबची मुलगी. चार ओळी आहेत. वाचा म्हणजे कळेल."

चार ओळींच्या बाईवर दहा मिनिटं बोलायचं. बरं.

संध्याकाळी जावई आले. "पप्पा, एक बोलायचं होतं." बोला की. "नाही, म्हणजे... तब्येत बरी आहे ना?" चहा प्यायले, गेले. कपॅसिटर गेला की मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही. तसं झालंय जावयांचं. काहीतरी मागायला आले होते, तसंच परत घेऊन गेले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वाचलं. दोन ठिकाणी आहे, जवळजवळ शब्दाला शब्द. म्हणजे कुणाला तरी वाटलं असणार, एकदा सांगून लोकांच्या डोक्यात शिरायचं नाही.

कालेब म्हातारा लढवय्या. जाहीर करून टाकतो — अमुक शहर जो जिंकेल त्याला माझी मुलगी. पुतण्या जिंकतो. लग्न. मग मुलगी नवऱ्याच्या मागे लागते, बाबांकडे शेत मागा. नवरा काय म्हणाला ते कुठेच नाही. पुढच्या ओळीत बाई स्वतःच गाढवावरून उतरतेय. बाप विचारतो, काय हवं? ती म्हणते, कोरडा मुलूख दिलात, आता पाण्याचे झरेही द्या. बाप वरचे झरे देतो आणि खालचेही देतो. खलास.

हिला म्हटलं, जमीन मिळाली तरी वर पाणी हवंच, हावरी म्हणायची की. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि कोरडी जमीन देऊन हात झटकले त्या बापाला काय म्हणायचं?"

मी पान उलटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

जावई पुन्हा आले. पुन्हा गुणगुणले. गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

मुलीच्या रोपवाटिकेवर जाऊन आलो. सहज, म्हणून सांगितलं. तिनं पाण्याचा विषय काढला नाही, पण मला कान आहेत. झारी शिंपडल्याचा आवाज वेगळा, मगातून एकेका पिशवीत घोट घोट पाणी टाकल्याचा वेगळा. मगाचा आवाज होता. निम्म्या पिशव्या रिकाम्या. टँकरवाला आता आठवड्यातून एकदाच वर चढतो म्हणे.

"उन्हाळ्यापर्यंत बघू," ती म्हणाली. "नाहीतर बंद करते. एका ऑफिसात जागा आहे." सहज बोलल्यासारखी बोलली. हातातलं रोप मात्र खाली ठेवलं नाही.

लग्नात हा वरचा तुकडा मीच दिला. तेव्हा म्हटलं होतं, छान उतार आहे, पाणी निथळून जातं. जातं ना! खाली माझ्या विहिरीत जातं. विहीर काठोकाठ. पण ती धाकट्या मुलाची. तो परदेशातून परत येणार, तिथे घर बांधणार, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

जावई कशासाठी गुणगुणतात तेही कळलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

भाषण जुळत नाही. समाधानी राहावं या विषयावर लिहिलं, फाडलं. ही म्हणाली, "बरं केलंत. वाचून मलाच असमाधान झालं होतं."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं! बेकरीवाल्याच्या मोटारीचं बेअरिंग ठोकत होतो आणि सापडलं. हात तसाच थांबला. बेकरीवाल्याला वाटलं मला चक्कर आली.

तिनं मागितलं यात विशेष नाही. बापानं विचारलं, ते विशेष. आधी त्यानं तिला न विचारता बक्षीस म्हणून लावली. न विचारता जमीन दिली. आणि आता पहिल्यांदा विचारतोय, काय हवं? जी बक्षीस होती ती आता समोर उभी राहून स्वतः मागतेय. दिलेल्या वस्तूत काय खोट आहे ते देणाऱ्याच्या तोंडावर सांगतेय, आणि ग्रंथात तिला कुणी एका शब्दानं बोलत नाही. बापही नाही. तो पुढे काही बोलतच नाही, नुसतं देतो.

विहीर उद्याच देऊन टाकावी का? नको. म्हणजे पुन्हा न विचारता दिलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

बोललो! कागद खिशातच राहिला. म्हटलं, लढाया कालेबनं मारल्या, शहर जावयानं घेतलं, पण त्या मुलखात पीक कशावर आलं असेल? या बाईच्या तोंडच्या एका वाक्यावर. जिंकलेली जमीन राहण्याजोगी तिनं केली. आपण नावं मात्र तलवारवाल्यांची पाठ करतो. म्हटलं, नवऱ्याला पाठवायचा प्रयत्न तिनंही केला होता, पण काही मोटारी आपल्या आपण सुरू होत नाहीत. सगळे हसले. जावई जमिनीकडे बघत होते, पण खांदे हलत होते.

बाहेर पडताना निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी हात धरला. "इतकी वर्षं वाचतेय, मला ती दिसलीच नव्हती." पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या वर्षीही तुम्हीच. हिनं घरी आल्यावर न मागता दुसऱ्यांदा चहा दिला.

मुलगी तिसऱ्या ओळीत होती. न भेटता गेली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी स्कूटरचा आवाज. जावई चालवतात तेव्हा ब्रेक आधी, मग विचार. हा आवाज तिचा होता, आणि एकटीचा. मी दारात जाऊन उभा राहिलो. ती उतरली. हेल्मेट काढायच्या आत मी विचारलं, "काय हवं गं तुला?"

"विहीर."

"पाणी म्हण."

"पाणी नाही, बाबा. पाणी दिलंत तर दर उन्हाळ्यात मागायला यावं लागेल. विहीर द्या."

पोरगी माझीच! "आणि धाकटा?" म्हटलं.

तिचा हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा. मग म्हणाली, "त्याचं त्याला विचारा. मी माझं मागतेय."

दिली. विहीर दिली, भोवतालचा खालचा तुकडा दिला, पाणी वर चढवायची मोटारही माझ्याकडून. ती "एवढं नको" म्हणायला लागली तर म्हटलं, गप बस, हे ग्रंथाला धरून आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाणी वर चढलं! पाइपातून आधी हवा आली — खोकत, फुसफुसत. सगळे म्हणाले काही बिघडलं. मी म्हटलं थांबा, येतंय, ऐकू येतंय मला. आणि आलं, गढूळ, मग स्वच्छ. जावयांनी डोकंच धरलं त्याखाली. मुलीनं हातातला मग कुंपणापलीकडे भिरकावला आणि झारी भरली. हिनं मला कोपरानं ढोसलं, "बघताय काय, तुम्हीही एक झारी घ्या." घेतली. गुडघ्यापर्यंत चिखल झाला. असा आनंद पहिलं दुकान उघडलं तेव्हाही झाला नव्हता.

१ मार्च, रविवार

धाकट्याला फोन केला. विहीर ताईला दिली म्हणून सांगितलं. भांडणाच्या तयारीनंच बसलो होतो. तो म्हणाला, "फार बरं केलंत, बाबा. मी आता तिकडे परत येणार नाही. ताईला मागच्याच वर्षी सांगितलंय. ती बोलली नाही तुम्हाला?"

नाही बोलली. सोमवारी दारात उभी होती, एवढं एक वाक्य बोलली असती तरी विहीर तिचीच होती.

भावाला नको झाली म्हणून मिळणारी विहीर तिला नको होती.